खंडस्फुटिताची दुरुस्ती : कोकणातील प्राचीन विहारांचे जतन

मृग नक्षत्र जवळ आले की आपल्याकडे घरोघरी एकच धांदल सुरू होते. कौले चाळायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या, पडवीला झडी बांधायच्या, परसातले पाणी जायची वाट मोकळी करायची. एखाद्या वर्षी हे काम राहून गेले तर काय होते, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. एका फुटक्या कौलापायी वासा कुजतो, वासा कुजला की भिंतीत पाणी मुरते आणि चार पावसाळ्यांत नांदते घर पडके होते. मग ज्या विहारांत एके काळी भिक्खूसंघ वर्षावासासाठी राहत होता आणि ज्यांच्याकडे पुढे शेकडो वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, त्यांची अवस्था काय झाली असेल?

आपले सभासद महाडला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी जातात. वाटेत महामार्गालगत गांधारपाल्याची लेणी दिसतात. काही जण पुढे कान्हेरी, कार्ले, अजिंठा, वेरूळ येथे सहकुटुंब जाऊन येतात. परत आल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, "आपल्या पूर्वजांचा हा ठेवा असा मोडका का ठेवला आहे? समाजाने वर्गणी काढून तो पुन्हा नवा का करू नये?" या प्रश्नामागची तळमळ खरी आहे आणि तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु 'दुरुस्त करणे' आणि 'नवे करणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समाजातील प्रत्येकाला, विशेषतः विद्यार्थ्यांना कळावा, यासाठी हा लेखप्रपंच.

दुरुस्ती हेही जुने दानकर्म

विहार बांधून दिला की दात्याचे काम संपले, असे बौद्ध परंपरेने कधीच मानले नाही. विनयपिटकात 'नवकम्मिक' या जबाबदारीचा उल्लेख येतो. विहाराच्या बांधकामावर व डागडुजीवर देखरेख ठेवणारा भिक्खू म्हणजे नवकम्मिक. पुढे दानलेखांत एक शब्द वारंवार येऊ लागला, 'खंडस्फुटित'. खंड म्हणजे तुटलेले आणि स्फुटित म्हणजे तडकलेले. जे तुटले-फुटले असेल त्याची दुरुस्ती व्हावी म्हणून राजे व उपासक जमीन किंवा द्रव्य लावून देत. गुजरातमधील वलभीच्या मैत्रक राजांनी विहारांना दिलेल्या ताम्रपटांत हे कारण स्पष्ट लिहिलेले आढळते.

आपल्या कोकणातील उदाहरण तर याहून बोलके आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीचे प्राचीन नाव कृष्णगिरी. तेथील महाविहार इ. स. च्या नवव्या शतकातही नांदता होता. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील तीन लेख तेथे कोरलेले आहेत. ते शके ७६५, ७७५ आणि ७९९ चे, म्हणजे सुमारे इ. स. ८४३ ते ८७७ या काळातील आहेत. पहिला लेख पुल्लशक्तीच्या आणि पुढचे दोन कपर्दी (दुसरा) याच्या कारकिर्दीतले. दात्यांनी दिलेल्या रकमेतून बुद्धपूजा, विहाराची डागडुजी, भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ अशा निरनिराळ्या खर्चांची तरतूद केलेली होती. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने १०० द्रम्मांची कायम ठेव ठेवली. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून करायचा. आजच्या संस्थांचा कायम निधी याच तत्त्वावर चालतो.

शिलाहारांचीच दुसरी शाखा आपल्या दक्षिण कोकणात राज्य करीत होती. आपल्या कणकवली तालुक्यातील खारेपाटण येथे त्या घराण्यातील रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट सापडला. तो वाचून प्रथम प्रसिद्ध केला तो पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी. ते दान शैव आचार्यांना दिलेले आहे. तरीही पूजाअर्चेबरोबर वास्तूच्या डागडुजीची तरतूद तेथेही आहे. धर्मस्थान कोणाचेही असो, त्याची निगा राखणे हा दानाचाच भाग, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती.

नालंदा महाविहारात सापडलेला एक लेख पालराजा महीपाल (पहिला) याच्या अकराव्या राज्यवर्षाचा आहे. आगीत जळालेल्या वास्तूचा उद्धार बालादित्य नावाच्या उपासकाने केल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा दुरुस्तीची कल्पना पुरातत्त्व खात्याने बाहेरून आणलेली नाही, ती आपल्या परंपरेतीलच आहे. मात्र त्या काळी विहार नांदते होते, तिथे भिक्खू राहत होते. छप्पर गेले तर नवे घालणे योग्यच होते. आज जे उरले आहे तो पुरावा आहे, आणि पुराव्याची दुरुस्ती वेगळ्या रीतीने करावी लागते.

पन्हाळे काजीचा विहार

दक्षिणेकडून निघाले तर आपल्याला तुलनेने जवळचे व अभ्यासाला उत्तम असे ठिकाण म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले पन्हाळे काजी. कोटजाई नदीच्या काठी डोंगराच्या पायथ्याशी येथे एकूण २९ लेणी आहेत. त्यांपैकी 'गौरलेणे' मुख्य समूहापासून थोडे बाजूला आहे.

ही लेणी अभ्यासकांच्या नजरेस आली ती १९७० नंतरच्या काळात. शिलाहार राजा अपरादित्य याचा इ. स. ११३९ चा एक ताम्रपट उजेडात आला आणि त्यातील 'प्रणालक' हे स्थळ म्हणजेच पन्हाळे, हे लक्षात आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी येथे संशोधन केले. त्यांचा या लेण्यांवरील इंग्रजी ग्रंथ सर्वेक्षणाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. 'प्रणाल' या संस्कृत शब्दाचा अर्थ पाणी वाहून नेणारी वाट. आपला 'पन्हळ' हा शब्द त्यातूनच आला.

या लेण्यांचा इतिहास थरांचा आहे. प्रारंभी, इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास, येथे साधे हीनयान पद्धतीचे विहार कोरले गेले. पुढे दहाव्या-अकराव्या शतकांत हे वज्रयान पंथाचे केंद्र झाले. अक्षोभ्य बुद्धाच्या आणि महाचंडरोषण या उग्र देवतेच्या मूर्ती त्या काळातील आहेत. शिलाहारांच्या उत्तर काळात येथे शैव व गाणपत्य उपासना आली, काही लेण्यांत शिवलिंग व गणेश आले. त्यानंतर नाथपंथी साधू आले आणि गौरलेण्यात नाथांच्या व चौऱ्याऐंशी सिद्धांच्या प्रतिमा कोरल्या गेल्या. एका ठिकाणी हजार वर्षांहून अधिक काळ माणसे साधनेसाठी येत राहिली, त्याची ही दगडात लिहिलेली वहीच म्हणावी लागेल.

लेणे खराब कशाने होते?

लेणे अखंड कातळात कोरलेले, मग ते मोडेल कसे, असे वाटते. पण सह्याद्रीच्या काळ्या कातळालाही भेगा असतात आणि दगडाच्या थरांमध्ये ठिसूळ पट्टे असतात. लेण्याचा पहिला शत्रू पाणी. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगरावरचे पाणी भेगांतून झिरपत छतापर्यंत येते. येताना विरघळलेले क्षार आणते. उन्हाळ्यात पाणी सुकते, क्षार मागे राहून स्फटिक बनतात, फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हे वर्षानुवर्षे चालते. कोरीव काम सर्वांत वरच्या पापुद्र्यावर असल्याने आधी तेच जाते.

दुसरा शत्रू झाडे. पाखरांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर भेगेत रुजतात आणि मुळे जाड होऊन कातळ फोडतात. पिंपळ हा बोधिवृक्ष म्हणून आपल्याला पूज्य, त्यामुळे तो काढायला मन धजत नाही. परंतु भेगेतले रोप लहान असतानाच काढून मोकळ्या जमिनीत लावले तर वृक्षही राहतो आणि विहारही. मोठे झालेले झाड मात्र कधीही ओढून उपटू नये. मुळांबरोबर दगड निघून येतात. ते कापून, मूळ मारून, मग भेग भरावी लागते.

तिसरा शत्रू नदीचा गाळ आणि वरून घसरणारी माती. गाळात बुडालेला खांबाचा पाया सतत ओला राहतो आणि तिथेच झिजतो. वटवाघळांची विष्ठा, शेवाळ आणि दगडफूल यांचाही त्रास असतोच.

चौथा शत्रू आपण. नावे कोरणे, तेलरंगाने गाव व तारीख लिहिणे, भिंतीला टेकून चूल मांडणे यांबद्दल वेगळे सांगायला नको. पण श्रद्धेनेही इजा होते. मूर्तीजवळ लावलेल्या मेणबत्तीची काजळी दगडाच्या छिद्रांत शिरते, मेण ओघळून बसते, ओल्या हारांखाली शेवाळ धरते. मूर्ती उजळावी म्हणून कोणी तिला रंग देतो. रंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो आणि पुढे तो रंग पापुद्र्यासकट सुटतो.

विद्यार्थी विचारतील, कान्हेरीला इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनीही पहलवी लिपीत आपली नावे कोरलीच की! खरे आहे, आणि आज तो इतिहासाचा पुरावा आहे. पण तेव्हा लेण्यांना भेट देणारे मोजके होते. आज एका सुटीच्या दिवशी हजारो येतात. प्रत्येकाने एक अक्षर कोरले तर ब्राह्मीचे एकही अक्षर शिल्लक राहणार नाही.

दुरुस्तीचा क्रम

रोग्याला औषध देण्याआधी वैद्य नाडी पाहतो, तसेच येथेही आहे. सर्वप्रथम नोंद. प्रत्येक भिंतीची, खांबाची मोजमापासह छायाचित्रे व आराखडे करायचे. कोठे भेग, कोठे ओल, कोठे तुकडा सुटला आहे हे आराखड्यावर दाखवायचे. भेग जुनी व थांबलेली आहे की अजून वाढते आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली तर कातळ अजून हलतो आहे असे समजायचे.

दुसरी पायरी पाण्याची. लेण्याच्या माथ्यावर डोंगरउतारात चर खणून पाणी बाजूला वळवायचे, माथ्यावरच्या भेगा बुजवायच्या, दर्शनी कपाळाला पागोळीसाठी खाच किंवा कड ठेवायची म्हणजे पाणी आत न ओघळता बाहेर पडते. कोरणाऱ्या प्राचीन कारागिरांनीही हे जाणले होते. कान्हेरीला डोंगरभर कोरलेल्या पन्हळी आणि पाण्याची टाकी पाहिली की त्यांचे कौशल्य ध्यानात येते. त्या जुन्या पन्हळी साफ करणे हीच पुष्कळदा निम्मी दुरुस्ती असते.

तिसरी पायरी आधार देण्याची. खांब तुटून छताचा भार लोंबत असेल तर नवा खांब उभारावाच लागतो. तो वरच्या व खालच्या शिल्लक ठुंठाच्या मापाचा असतो, पण त्यावर नक्षी कोरीत नाहीत. लांबून तो डोळ्याला खुपू नये आणि जवळून पाहणाऱ्याला नवा आहे हे कळावे, असा नियम आहे. सुटलेला तुकडा बसवताना न गंजणाऱ्या पोलादाची सळई वापरतात. साध्या लोखंडाची सळई गंजून फुगते आणि दगड आतून फोडते.

शेवटची पायरी स्वच्छतेची. शेवाळ तारेच्या ब्रशने घासले तर शेवाळाबरोबर शिल्पही जाते. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचे रसायनज्ञ सौम्य द्रावण व मऊ ब्रश वापरून, आधी एका कोपऱ्यात चाचणी घेऊन हे काम करतात. १९१७ पासून हे काम चालू आहे. त्यात शिक्षणाची व नोकरीची वाट आहे, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

चुना की सिमेंट?

हा धडा आम्ही पुस्तकात वाचण्याआधी अनुभवातून शिकलो. एका वाडीतील जुन्या समाजमंदिराच्या चिऱ्याच्या भिंती झिजू लागल्या, म्हणून आम्ही मंडळींनी श्रमदानाने त्यांना सिमेंटचा गिलावा केला. पहिले वर्ष भिंती झकास दिसल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याला फुगे आले, आणि तो काढायला गेलो तेव्हा चिऱ्याचा भुगा हातात आला. जांभा सच्छिद्र असतो. तो जमिनीतून ओल शोषतो आणि बाहेरून सोडतो. बाहेरची वाट आम्हीच बंद केली होती. आमच्या चांगल्या हेतूनेच ती भिंत कुजली.

जुन्या दगडाला चुना मानवतो तो यासाठी. चुना दगडापेक्षा मऊ असतो, ओल बाहेर जाऊ देतो, आणि ताण आला तर आधी स्वतः तडकतो, दगडाला तडकू देत नाही. चुनकळी पाण्यात विझवून, गाळून काही आठवडे मुरवायची, मग वाळू व विटेचा चुरा, म्हणजे सुरखी, घालून घाण्यात मळायची, ही जुनी रीत. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याचीही पद्धत होती. हे काम वेळखाऊ आहे आणि ते जाणणारे गवंडी कमी होत चालले आहेत. आपल्या समाजातील तरुण गवंडीकामात आहेत. त्यांनी ही विद्या शिकून घेतली तर त्यांना काम मिळेल आणि विहारांना कारागीर मिळतील.

घाईच्या दुरुस्तीचे परिणाम

तज्ज्ञांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व त्यांचे सहायक यांना बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला घट्ट बसवला, हे मोठेच काम झाले. पण चित्रे उजळ दिसावीत म्हणून वर लाखेचे रोगण दिले. पुढे ते पिवळे पडले, त्यावर धूळ व काजळी बसली. ते काढण्यासाठी नंतरच्या रसायनज्ञांना कित्येक वर्षे खपावे लागले. तेव्हापासून एक तत्त्व पक्के झाले. जे काही कराल ते उद्या काढून टाकता येईल असे करा.

अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन विशाल बुद्धमूर्ती २००१ साली तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. जग हळहळले. मूर्ती पुन्हा उभारा अशी मागणी झाली. पण जाणकारांनी आधी ढासळू पाहणारे कडे व कोनाडे सावरले आणि पडलेले तुकडे जपून ठेवले. नवी मूर्ती केव्हाही करता येते, जुना तुकडा एकदा गेला की गेलाच.

हे लेणे कोणाचे?

आता थोडा नाजूक विषय. पन्हाळे काजीसारख्या ठिकाणी बौद्ध विहारात नंतर कोरलेली अन्य दैवते पाहून आपल्यापैकी काहींचे मन दुखावते. ती काढून मूळ रूप परत आणावे असे वाटते. अन्य ठिकाणी उलट घडते. स्तूपाला शेंदूर लागतो, बुद्धमूर्तीला दुसऱ्याच देवाचे नाव पडते, लेण्याला 'पांडवलेणी' म्हणतात. या दुसऱ्या प्रकाराबद्दल आपण सनदशीर मार्गाने बोललेच पाहिजे, आणि योग्य नावाचा फलक लागावा अशी मागणी केली पाहिजे.

परंतु आपला दावा कशावर उभा आहे? शिलालेखावर, स्तूपावर, मूर्तीवर, कोरीव कामाच्या शैलीवर, म्हणजे कोणी न बदललेल्या पुराव्यावर. आपणच थर खरवडू लागलो तर दुसऱ्यालाही तोच अधिकार मिळेल, आणि ज्याच्या हाती छिन्नी त्याचा इतिहास अशी गत होईल. तुटलेल्या बुद्धमूर्तीला सिमेंटचे शिर बसवले तर उद्या कोणी म्हणेल, सगळीच मूर्ती कालची आहे. म्हणून नंतरचे थर राखण्यात आपला पराभव नाही. सर्व थर जागच्या जागी राहिले तरच सर्वांत खालचा, सर्वांत जुना थर बौद्ध विहाराचा आहे हे निर्विवाद सिद्ध होते.

आपण काय करावे?

कायदाही हेच सांगतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित झालेल्या स्मारकाला कोणीही स्वतः दुरुस्ती करू शकत नाही. नुकसान करणाऱ्यास, २०१० च्या दुरुस्तीनुसार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे व त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. मग आपण हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही.

१) लेण्यांना सहल नेताना वंदना जरूर घ्यावी, पण मेणबत्ती, अगरबत्ती व हार मूर्तीला न लावता बाहेर मोकळ्या जागेत, रखवालदाराला विचारून ठेवावेत.

२) शिलालेख वाचण्यासाठी अक्षरांत खडू किंवा चुना भरू नये. बाजूने तिरपा विजेरीचा झोत टाकला की पुसट अक्षरेही उठून दिसतात.

३) दरवर्षी त्याच जागेवरून त्याच भिंतीची छायाचित्रे काढून तारखेसह जपावीत. पाच वर्षांच्या छायाचित्रांवरून ओल व भेग वाढते आहे का, हे शाळकरी विद्यार्थीही सांगू शकेल. अशा नोंदीसह केलेला अर्ज नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक वजनदार ठरतो.

४) गावात विहीर, पाया किंवा चिरेखाण खणताना जुनी नाणी, ताम्रपट, मूर्ती मिळाल्यास ती साफ करू नये, विकू नये. १८७८ च्या निखातनिधी कायद्याप्रमाणे तहसीलदार कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. खारेपाटणचा ताम्रपट कोणी वितळवला असता तर दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इतिहास आज आपल्या हाती नसता.

५) दान द्यावयाचे असल्यास १९९६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक निधीमार्फत ठरावीक स्मारकासाठी देता येते. अविघ्नाकराच्या अक्षयनीवीचेच हे आजचे रूप.

६) विद्यार्थ्यांनी सराव जवळूनच करावा. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे, गावातले वीरगळ, जुन्या चिरेबंदी विहिरी यांची मोजमापे घ्यावीत, टिपणे करावीत. पाहण्याची सवय लागली की लेणे आपोआप वाचता येते.

मृगाआधी आपण घराची कौले चाळतो, ते घर नवे दिसावे म्हणून नव्हे. वडिलांनी बांधलेले घर मुलांना राहायला मिळावे म्हणून. आपल्या पूर्वजांनी विहारांना द्रम्म दिले तेही याच भावनेने. त्यांचे विहार आपल्या हाती मोडके आले, त्याचा दोष आपला नाही. ते आहेत तसे, आणखी एकही अक्षर न गमावता पुढच्या पिढीला द्यायचे, एवढे मात्र आपल्याला करता येण्यासारखे आहे. पुढच्या सहलीत प्रत्येक सभासदाने एक वही आणि एक विजेरी सोबत घ्यावी, आणि मेणबत्तीची पेटी बाहेर ठेवावी, इतकीच आमची विनंती.